चूक गिऱ्हाइकाची नव्हे
यूएक्स डिझाइनची इंटर्नशिप तरुणांना काय शिकवते?

पूर्वी व्यापारी घरातला मुलगा पेढीवर बसू लागला, की पहिली वर्ष-दोन वर्षे गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती येत नसे. माल लावणे, पुड्या बांधणे, दिवाणजींच्या शेजारी बसून रोजकीर्द पाहणे, आणि दुकानात आलेले गिऱ्हाईक काय मागते, काय हातात घेऊन परत ठेवते व शेवटी काय घेऊन जाते यावर लक्ष ठेवणे, एवढेच त्याचे काम असे. या काळाला उमेदवारी म्हणत. उमेदवारीत पगार जवळजवळ नसे. पण पुढील आयुष्याची शिदोरी तिथेच बांधली जाई.

आज त्याच घरांतील मुले-मुली पुणे, मुंबई, बंगळूरू येथील कंपन्यांत दोन ते सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जातात. त्यांपैकी काही जण सांगतात, की आपण ‘यूएक्स डिझाइन’ शिकत आहोत. घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, “म्हणजे चित्रे काढायचे काम का?” या प्रश्नाचे उत्तर मुलांना चटकन देता येत नाही. पडद्यावरची बटणे आणि रंग हा त्या कामाचा केवळ दिसणारा भाग असतो. ‘यूएक्स’ म्हणजे ‘यूझर एक्स्पीरियन्स’, वापरणाऱ्या माणसाचा अनुभव. मोबाईलवरून पैसे पाठविताना, रेल्वेचे तिकीट काढताना, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाची नोंद करताना माणूस कुठे थांबतो, कुठे गोंधळतो आणि कुठे निर्धास्त पुढे जातो, हे समजून घेऊन त्या वस्तूची रचना करणे म्हणजे यूएक्स डिझाइन. हे काम शिकविणारी उमेदवारी काही बाबतींत जुन्या पेढीवरील उमेदवारीच्या फार जवळ जाते.

दारापासून अणुभट्टीपर्यंत

या क्षेत्रात शिरणाऱ्याच्या कानी पहिल्या काही दिवसांतच डोनाल्ड नॉर्मन हे नाव पडते. मानसशास्त्राचे हे अमेरिकन अभ्यासक १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत गेले आणि तेथे त्यांनी आपल्या पदनामात ‘यूझर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घेतले. पुढे हेच नाव सबंध व्यवसायाला रूढ झाले. त्याआधी, १९८८ साली, रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

नॉर्मन यांनी अगदी साधी उदाहरणे घेतली. एखाद्या इमारतीचे काचेचे दार ढकलायचे की ओढायचे, हे कळत नाही म्हणून त्यावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते. पाटी असूनही माणसे ते ओढतात आणि आपल्याच वेंधळेपणावर हसतात. नॉर्मन यांचे म्हणणे असे, की हाताला पकडण्याजोगी मूठ दिसली तर माणूस ओढणारच. ढकलायच्या बाजूला मूठ न लावता सपाट पट्टी बसवली, तर पाटीची गरजच उरत नाही.

दाराच्या बाबतीत हसून सोडून देता येते. सर्वत्र तसे होत नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. एक झडप बंद व्हायला हवी होती, ती उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद झाल्याचा भास निर्माण करीत होता. वास्तविक तो दिवा झडपेला बंद होण्याचा आदेश गेला एवढेच सांगत होता. झडप खरोखर बंद झाली की नाही, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती. थंड राखणारे पाणी निसटत राहिले आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. प्रारंभी दोष कामगारांच्या माथी मारला गेला. नंतर ज्या तज्ज्ञांना अभ्यासासाठी बोलाविण्यात आले, त्यांत नॉर्मन होते. कामगार शहाणे व प्रशिक्षित होते, पण नियंत्रण कक्षाची रचनाच चुकांना आमंत्रण देणारी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इंटर्नशिपमध्ये मिळणारा पहिला धडा हाच. वापरणारा चुकला, तर त्याला अडाणी ठरवण्यापूर्वी आपली रचना तपासावी. ऐकायला हे सोपे वाटते. अंगी मुरायला वेळ लागतो. आपण महिनाभर खपून केलेल्या पडद्यावर एखादे ज्येष्ठ गृहस्थ चुकीचे बटण दाबतात, तेव्हा तरुण डिझाइनरच्या मनात पहिला विचार “यांना मोबाईल वापरता येत नाही” असाच येतो. हा विचार गिळून “त्यांना हेच बटण बरोबर का वाटले असेल?” असे विचारण्याची सवय लागणे, हे या उमेदवारीचे खरे फळ.

विचारण्याआधी पाहावे

दुसरा धडा निरीक्षणाचा. माणसाला “तुम्हाला काय हवे?” असे विचारले, की तो आपल्या समजुतीप्रमाणे उत्तर देतो, पण तो प्रत्यक्षात काय करतो, हे पुष्कळदा त्याच्याही ध्यानात आलेले नसते. म्हणून इंटर्नला बहुधा सुरुवातीलाच लोकांमध्ये पाठविले जाते. त्याने दुकानात, दवाखान्यात, बस थांब्यावर उभे राहायचे आणि टिपून ठेवायचे.

दुकानात क्यूआर कोडवर पैसे येऊ लागल्यानंतर जे घडले, ते या दृष्टीने फार बोलके आहे. पैसे आल्याचा संदेश मोबाईलच्या पडद्यावर उमटे. परंतु गर्दीच्या वेळी दुकानदाराचा एक हात तराजूवर आणि दुसरा पिशवीत. फोन खिशात किंवा गल्ल्यात. समोरचा म्हणे, “पाठवले हो,” आणि आपल्या फोनचा पडदा दाखवी. तो पडदा खराच आहे याची खात्री कोण देणार? एखाद्या दुकानदाराला विचारले असते, तर त्याने अधिक मोठी अक्षरे मागितली असती. त्याची अडचण पाहणाऱ्याला दिसले, की त्याचे डोळे आणि हात गुंतलेले आहेत, कान मात्र मोकळे आहेत. आज गल्ल्यावर ठेवलेला छोटा ध्वनिवर्धक “इतके रुपये मिळाले” असे मोठ्याने सांगतो. यूएक्स डिझाइन म्हणजे केवळ पडद्याची सजावट, हा समज एवढ्या एका डबीने खोटा ठरतो.

भारतातील डिझाइन-शिक्षणाची सुरुवातही अशाच निरीक्षणातून झाली. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर प्रवास करून १९५८ साली एक अहवाल सादर केला. आपल्याकडे पाहिलेल्या असंख्य वस्तूंत त्यांना सर्वांत थोर वाटला तो साधा लोटा. तो रिकामा व भरलेला कसा तोलला जातो, हाताला कसा लागतो, पाणी कसे ओतले जाते, तो घासायला किती सोपा पडतो, डोक्यावर वा कमरेवर कसा नेला जातो, असे प्रश्न त्यांनी त्याच्याभोवती उभे केले. पिढ्यान् पिढ्यांच्या वापरातून घडलेली वस्तू कशी पाहावी, याचा तो वस्तुपाठ होता. या अहवालाच्या पार्श्वभूमीवर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. तिच्या जडणघडणीत कॅलिको गिरणी चालविणाऱ्या साराभाई या जैन व्यापारी घराण्यातील गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. ‘डिझाइन हे आपल्या घरचे काम नव्हे’ असे ज्या वडीलधाऱ्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द

पडद्यावरचा एक शब्द चुकला, तर चांगली रचनाही कोसळते. समजा, लहान दुकानदारांसाठी उधारीची नोंद ठेवणारे अ‍ॅप तयार होत आहे. वाणिज्य शाखेतून आलेली इंटर्न बटणावर ‘क्रेडिट’ असा शब्द लिहिते. तिच्या पुस्तकातील अर्थाप्रमाणे ‘क्रेडिट’ म्हणजे जमा, गिऱ्हाइकाकडून आलेली रक्कम. बाजारातील बोलीत मात्र ‘क्रेडिटवर माल दिला’ म्हणजे उधार दिला. एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि तेही परस्परविरुद्ध! ज्याने पाचशे रुपये परत केले त्याच्या खात्यावर पाचशेची उधारी चढली, की दोष कोणाला द्यायचा? जुन्या चोपडीत ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द इतके पक्के होते, की तिथे असा घोळ होत नसे. नव्या पिढीच्या दुकानदाराला तेही परके वाटत असतील, तर ‘तुम्ही दिले’ आणि ‘तुम्हाला मिळाले’ असे सरळ लिहिणे उत्तम. कोणता शब्द ठेवावा, याचा निर्णय कार्यालयातील चर्चेत होत नाही. पाच-दहा दुकानांत जाऊन लोक काय बोलतात ते ऐकल्यावर होतो.

रंगाचेही तसेच आहे. येणे हिरव्या रंगात आणि देणे तांबड्या रंगात दाखवले की काम झाले, असे नवख्याला वाटते. परंतु काही माणसांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट दिसत नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण पुष्कळ अधिक असते. म्हणून रंगासोबत शब्द, चिन्ह किंवा बाण असावा, केवळ रंगावर अर्थ सोपवू नये, असा दंडक आहे. अक्षरे आणि त्यांमागील रंग यांच्या उजळपणातील फरकालाही माप आहे: वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे तरुण डोळ्यांना देखणी दिसतात. सत्तरीतील आजोबांना ती दिसतच नाहीत.

मराठी पडद्याच्या काही खास अडचणी आहेत. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळींमधले अंतर ठेवले, की देवनागरीतील वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात. इंग्रजीत एका शब्दात मावणारे बटण मराठीत दोन शब्दांचे होते आणि चौकटीबाहेर जाते. एक लाखाची रक्कम १,००,००० अशी लिहिण्याऐवजी परदेशी पद्धतीने १००,००० अशी आली, तर रोज लाखांचे व्यवहार करणारा माणूसही क्षणभर अडखळतो. असे दोष मराठी वाचणाऱ्याच्याच नजरेला पडतात. पुण्या-सोलापुराकडून आलेल्या मुलाचे मातृभाषेचे ज्ञान अशा वेळी कंपनीच्या उपयोगी पडते.

कागद, पाच माणसे आणि टीका

नवा इंटर्न बहुधा थेट संगणकावर बसून सुबक रंगीत पडदे तयार करू पाहतो. अनुभवी माणसे त्याच्या हाती आधी कागद-पेन्सिल देतात. कागदावरील रेखाटन पाच मिनिटांत होते आणि टाकून देताना मन दुखत नाही. दोन दिवस खपून केलेल्या पडद्यावर मात्र जीव जडतो आणि त्यातील दोष दिसेनासे होतात.

रेखाटनानंतर चाचणी. येथे जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाचे नाव येते. शंभर माणसांवर चाचणी घ्यावी लागेल, या भीतीने पुष्कळ कंपन्या ती घेतच नसत. नील्सन यांनी थॉमस लँडॉअर यांच्यासह १९९३ साली मांडलेल्या गणिताचा आधार घेऊन दाखवले, की एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष सापडत असतील, तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. पंधरा माणसांवर एकदाच चाचणी घेण्यापेक्षा पाच जणांवर घ्यावी, सुधारणा करावी आणि पुन्हा पाच नव्या जणांवर घ्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. नव्या मालाचे मोजके नग मागवून बाजाराची नाडी पाहणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

चाचणी घेताना पाळावयाचा सर्वांत कठीण नियम म्हणजे गप्प बसणे. समोरचा माणूस अडकला, की “ते वरचे बटण दाबा ना” असे शब्द इंटर्नच्या ओठांवर येतात. ते उच्चारले की चाचणी वाया गेली. कारण उद्या तो माणूस घरी एकटा असताना सांगायला कोणी नसेल.

मग टीकेची पाळी येते. बहुतेक संघांत ठरावीक वारी सर्वांनी आपले काम भिंतीवर किंवा पडद्यावर मांडायचे आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारायचे, अशी प्रथा असते. इंटर्नने सारे काही सुरळीत चालले असतानाचे पडदे रेखाटलेले असतात. वरिष्ठ विचारतात: पैसे पाठवत असताना मध्येच नेटवर्क गेले तर काय दिसेल? पैसे गेले की नाही, हे माणसाला कसे कळेल? नाव फार लांबलचक असेल तर? पहिल्याच दिवशी, यादी रिकामी असताना, काय दिसणार? या प्रश्नांनी चेहरा उतरतो खरा. पण वापरणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो अशाच क्षणी. बँकेतून रक्कम वजा झाली आणि दुकानदाराला मिळाली नाही, अशा वेळी पडद्यावर केवळ ‘त्रुटी’ एवढाच शब्द आला, तर माणूस घाबरून दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. “व्यवहार अजून पूर्ण झालेला नाही. निकाल कळेपर्यंत पुन्हा पैसे पाठवू नका,” ही दोन वाक्ये त्याचे नुकसान टाळतात.

आकडा आणि विश्वास

शेवटचा धडा सर्वांत अवघड आहे, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा प्रत्यक्ष कामातच समोर येतो. माणूस कुठे गोंधळतो, कुठे घाईत असतो आणि कुठे न वाचताच पुढे जातो, हे ज्याला ठाऊक झाले, त्याला ते त्याच्या सोयीसाठी वापरता येते, तसे त्याला फसविण्यासाठीही वापरता येते. या दुसऱ्या वापराला ब्रिटनमधील डिझाइनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले.

त्याचे नमुने सर्वांनी पाहिलेले आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई. न मागता टोपलीत सरकवलेला विमा किंवा देणगी. सुरुवातीला एक भाव दाखवून पैसे भरण्याच्या पायरीवर एकेक आकार वाढवत नेणे. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पडदे. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्ये. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांची यादी असलेली मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि या क्लृप्त्यांना प्रतिबंध केला. भारतात ऑनलाइन वस्तू वा सेवा देणाऱ्या सर्वांना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांनाही ती लागू आहेत. तेव्हा स्वतःचे संकेतस्थळ वा अ‍ॅप चालविणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने ती एकदा वाचणे हिताचे आहे. संकेतस्थळ बाहेरच्या कंपनीने बनवून दिले, एवढे सांगून गिऱ्हाइकाचे समाधान होत नाही.

इंटर्नपुढे हा प्रश्न कसा येतो? बहुधा कोणी “फसवणूक कर” असे सांगत नाही. त्याला सांगितले जाते, की अमुक चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवली तर आकडा वाढतो. दोन रचना निरनिराळ्या गिऱ्हाइकांना दाखवून कोणती अधिक चालते, हे पाहण्याची पद्धत या व्यवसायात सर्वत्र आहे. आणि खूण केलेली रचना बहुधा जिंकते. आकडा त्या दिवशीच वाढलेला दिसतो. ज्याने महिनाअखेर खात्यातून गेलेले पैसे पाहून ते अ‍ॅप कायमचे काढून टाकले, तो माणूस त्या आकड्यात धरलेला नसतो. दोन महिन्यांच्या पाहुण्या उमेदवाराने वरिष्ठांशी वाद घालावा, अशी अपेक्षा करता येत नाही. तो एक गोष्ट मात्र करू शकतो. “हे गिऱ्हाइकाच्या लक्षात आले तर त्याला काय वाटेल?” हा प्रश्न त्याने नम्रपणे बैठकीत विचारावा, सोबत नियमावलीचा आधार ठेवावा आणि खूण नसलेली रचनाही तयार करून दाखवावी. पुष्कळदा वरिष्ठांनाही कोणीतरी हा प्रश्न विचारण्याची गरज असते.

घरातील थोरांचा अनुभव येथे मुलांच्या उपयोगी पडणारा आहे. तागडीत पासंग ठेवणाऱ्या दुकानाला पहिल्या महिन्यात नफाच होतो; आळीत बोलबाला व्हायला वर्ष लागते, आणि मग ते दुकान सावरत नाही. हे गणित जेवणाच्या पानावर सहज सांगितले गेले, तर ते मूल कार्यालयात आकड्यांच्या दबावाखाली एकटे पडत नाही.

पालकांनी काय पाहावे?

मुलाला वा मुलीला या क्षेत्राची ओढ असेल, तर बारावीनंतर आयआयटींमधील डिझाइन पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा आहे, आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी ‘सीड’. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते. आयआयटी मुंबईतील डिझाइन विभाग १९६९ पासून कार्यरत आहे. वाणिज्य, मानसशास्त्र वा अभियांत्रिकी शिकूनही या व्यवसायात पुष्कळ जण येतात. त्यांच्याकडे आपल्या कामाचा संग्रह असावा लागतो. त्यात केवळ सुंदर पडदे नसावेत. अडचण काय होती, कोणाला भेटलो, काय फसले आणि त्यानंतर काय बदलले, हे लिहिलेले असावे.

इंटर्नशिप निवडताना मानधनाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: शिकवणारा अनुभवी डिझाइनर कंपनीत आहे का, प्रत्यक्ष वापरकर्त्यांना भेटायला मिळेल का, आणि केलेले काम आपल्या संग्रहात दाखवण्याची परवानगी मिळेल का. कंपनीचे गोपनीय तपशील परवानगीवाचून बाहेर दाखवू नयेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. आज संगणक स्वतःच काही क्षणांत दहा पडदे रचून देतो. त्यामुळे केवळ पडदे रंगवता येणाऱ्याची गरज घटत जाणार. गिऱ्हाइकासमोर उभे राहून त्याची अडचण ओळखणाऱ्याचे काम मात्र शिल्लक राहणार आहे.

त्याचा सराव सुरू करायला कंपनीच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. सुट्टीत एक आठवडा मुलाने घरच्या दुकानात बसावे. कोणते गिऱ्हाईक भावाची पाटी असूनही भाव विचारते, बिल हाती पडल्यावर कोणत्या ओळीवर त्याचा अंगठा थांबतो, पैसे पाठवताना कोण दोनदा नाव तपासते, हे त्याने वहीत लिहावे. आठवड्याच्या शेवटी त्यातील एक दोष निवडावा, पाटी किंवा बिलाची मांडणी बदलून पाहावी आणि पुढील पाच गिऱ्हाइकांकडे गप्प बसून लक्ष द्यावे.